परतीची हवा

१

महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांचा चहा झाला की ती छोटं स्टूल घेऊन पॅसेजमध्ये बसायची आणि भिंतीतली मोठी जाळी उघडायची. दोन खिट्ट्या फिरवल्या की जाळी दारासारखी बाजूला व्हायची. आत पुठ्ठ्याच्या चौकटीतला फिल्टर. जुना काढायचा, नवा बसवायचा, जाळी ओल्या फडक्यानं पुसायची आणि खिट्ट्या लावायच्या. काम एवढंसं, पण ती ते इतकं मन लावून करायची की बाबा खोलीतून म्हणायचे, शाळेत एवढं लक्ष दिलं असतंस तर आज मला घरचीच डॉक्टर मिळाली असती.

हे घर भाड्यानं घेतलं तेच मुळी बाबांच्या छातीसाठी. बाबांनी आयुष्यभर पोहायला शिकवलं. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला आणि समोर पाण्याला घाबरलेली पोरं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या फुप्फुसांनी असा काही दगा दिला की दवाखान्यातून परतले ते निम्मे होऊन. धूळ नको, ओल नको आणि एका खोलीत गारठा, दुसरीत भट्टी असं तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी बजावलं. जुन्या घरात नेमकं तेच होतं. एसी फक्त बाबांच्या खोलीत, आणि बाथरूमला जायला दार उघडलं की बाहेरचा उकाडा थेट त्यांच्या छातीवर बसायचा.

इथे सगळ्या घराला मिळून एकच यंत्र होतं. पॅसेजमधली मोठी जाळी घरातली हवा आत ओढायची, फिल्टर तिच्यातली धूळ अडवायचा, यंत्र तिला गार करायचं आणि मग छताच्या वरून गेलेल्या नळ्यांमधून ती प्रत्येक खोलीच्या दारावरच्या छोट्या जाळीतून बाहेर यायची. घरभर सारखाच गारवा, भिंतीवर खोकी नाहीत, घरघर नाही. ती घरीच पडदे शिवायची. कापडाचा बारीक कचरा दिवसभर उडायचा, तोही फिल्टरवर अडकायचा. हे सगळे फायदे तिनं आल्यागेल्याला इतके ऐकवले होते की गिऱ्हाईकं पडद्याचं माप दिलं की लगेच काढता पाय घ्यायची.

सुरुवातीला एसीवाला आला तेव्हा त्यानं निगा कशी राखायची ते समजावलं होतं. माणूस भारी बोलका, आणि हात मात्र तोंडापेक्षा सावकाश चालणारा. फिल्टर दर महिन्याला बदला, त्याच्यावरचा बाण यंत्राच्या दिशेनं ठेवा, पाणी जायची नळी तुंबू देऊ नका, बाहेरच्या यंत्रावरचा पालापाचोळा काढत जा, वर्षातून एकदा मला बोलवा. आणि खोल्यांच्या जाळ्यांना झडपा आहेत, त्या बंद करू नका.

तिनं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून. मागच्या दोन खोल्या रिकाम्याच होत्या. तिथे ठेवलेल्या कापडाच्या ताग्यांना गारवा कशाला? तिनं त्या खोल्यांच्या झडपा बंद केल्या, म्हणजे तेवढी हवा बाबांकडे जास्त जाईल. आपलं डोकं किती चालतं याचं तिला त्या दिवशी कौतुकच वाटलं.

कारण या उन्हाळ्यावर सगळं अवलंबून होतं. धाकट्या भावाचं म्हणणं, ताई, तुला एकटीला हे झेपणार नाही, बाबांना आजारी वृद्धांच्या केंद्रात ठेवू, तिथे चोवीस तास नर्स असतात. भांडून भांडून शेवटी दोघांचं एवढं ठरलं होतं की उन्हाळा संपला की डॉक्टर बाबांना नळीत फुंकायला लावून तपासतील. आकडा वाढला तर बाबा इथेच राहतील, नाही तर केंद्रात जातील. बाबा म्हणाले होते, मी जाईन मुकाट्यानं, माझी काळजी करू नका. त्या मुकाट्यानं या शब्दाचं तिला फार वाईट वाटलं होतं.

२

फिल्टरची एकच बाजू मळते. हवा ज्या बाजूनं आत शिरते, ती. दुसरी, यंत्राकडची बाजू महिनाभरानंतरही जवळजवळ पांढरी राहते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिनं जुना फिल्टर बाहेर काढला तेव्हा खोलीकडच्या बाजूला नेहमीचा निळसर कचरा होता, कारण त्या महिन्यात ती निळ्या मखमलीचे पडदे शिवत होती. तिनं तो उलटा केला. यंत्राकडच्या बाजूला करड्या धुळीचा जाड थर बसला होता.

आपण बाण चुकून उलटा ठेवला असणार, असं म्हणून तिनं स्वतःलाच दोन शब्द सुनावले. पण मग निळा कचरा बरोबर जागी कसा? मध्ये कधीतरी काढून परत लावला असेल, असं तिनं मनाला पटवलं. नव्या फिल्टरच्या खोलीकडच्या बाजूवर कापडावर खुणा करायच्या खडूनं तिनं ठळक फुली मारली.

पुढच्या महिन्याची वाट न बघताच तिनं जाळी उघडून पाहिली. फुली तिच्याकडे तोंड करून होती. फिल्टर ओढून मागून पाहिला, तर करडा थर पुन्हा धरला होता, आणि हाताला तो किंचित ओलसर लागला.

तिनं एसीवाल्याला फोन लावला. तो खूप हसला. हवा एकाच दिशेनं जाते मॅडम, पंखा काही उलटा फिरत नाही, तुम्ही फिल्टर उलटा लावला असेल, बायका कधी कधी लावतात. तिनं तोंडावर आलेली शिवी गिळली आणि फोन ठेवला.

३

शिवणाऱ्या माणसाकडे कापडाच्या चिंध्यांना तोटा नसतो. तिनं पडद्याच्या अस्तराची एक पातळ पट्टी कापली आणि जाळीच्या वरच्या कडेला टाचणीनं लावली. यंत्र चालू होतं. पट्टी चटकन जाळीला चिकटली, जशी चिकटायला हवी तशीच. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती उठणार, तेवढ्यात पट्टी जाळीपासून सुटली. हळूहळू वर उचलली गेली, तिच्याकडे आली, क्षणभर तशीच तरंगत राहिली आणि पुन्हा जाऊन चिकटली.

दार लावलं. खिडक्या तपासल्या. पंखे बंद केले. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखाही बंद केला. पट्टी उचलली जात होती आणि चिकटत होती, न चुकता, एका संथ लयीत. ती लय तिच्या ओळखीची होती, पण कुठे ऐकली ते आठवेना.

दुपारची वेळ होती. बाबा झोपले होते आणि त्यांचं दार सताड उघडं होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली तर एका डोळ्याला पॅसेजमधली पट्टी दिसत होती आणि दुसऱ्याला बाबांची छाती. छाती वर आली की पट्टी जाळीपासून सुटायची. छाती खाली गेली की पट्टी चिकटायची. कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. हा योगायोग आहे, असं तिनं स्वतःला समजावलं, आणि बाबा झोपेत खोकले. श्वास अडखळला. पट्टीही मधेच थरथरून थांबली आणि मग बाबांच्याच बरोबर पुढे चालू लागली.

ते देतंय का घेतंय, हे तिला कळेना. पट्टीकडे बघून दोन्ही तितकंच खरं वाटत होतं.

४

उन्हाळा तापला तसे बाबा थकत गेले. चार पावलं चालले तरी धाप लागायची. रात्रभर उशांना टेकून बसायचे. छातीत बारीक शिट्टी वाजायची, आणि आता तशीच शिट्टी मोठ्या जाळीतूनही येऊ लागली होती. तिचे कान इतके तयार झाले की शिवणयंत्राच्या आवाजातूनही तिला दोन्ही शिट्ट्या वेगळ्या ऐकू यायच्या. धाकट्याचा फोन आला की ती सगळं छान चाललंय म्हणायची, आणि मागे बाबा खोकले की मुद्दाम शिवणयंत्र चालू करायची.

एकदा ती पाणी देत असताना बाबा पॅसेजकडे बघत सहज बोलले, "तेही दमलंय गं."

"कोण?"

"कोण म्हणजे?" बाबा म्हणाले आणि त्यांनी ग्लास तोंडाला लावला. मग आज भाजीत मीठ कमी होतं, यावर ते बोलत राहिले.

त्या दिवसापासून तिनं ठरवून टाकलं. या भिंतीत जे काही आहे, ते बाबांचा श्वास ओढून घेतंय. असं काही नसतं, हे तिला चांगलं माहीत होतं. शिकलेली बाई, शेजारणीनं भुताची गोष्ट सांगितली तर तिची टिंगल करणारी. पण बाबा डोळ्यांसमोर झिजत होते आणि तिला काहीतरी करायचं होतं. त्याची खोल्याखोल्यांतली तोंडं बंद केली तर त्याचा जोर कमी होईल, असं तिला वाटलं. तिनं शिडी आणली. आधी स्वयंपाकघराची झडप बंद केली, मग पुढच्या खोलीची, मग बाथरूमची. झडपांच्या फटींमधून हवा येत होती म्हणून त्यांच्यावर रुंद चिकटपट्टी लावली. मागच्या खोल्यांच्या बंद झडपांवरही लावली. राहिली फक्त बाबांच्या दारावरची, तीही तिनं जेमतेम फट उरेल एवढी लोटली. शिडीवर चढलेल्या लेकीकडे बाबा गादीवरून बघत होते.

काय करतेस, असं त्यांनी विचारलं. धूळ येते म्हणून बंद करते, ती म्हणाली. बाबांनी तिला लहानपणी थापा मारताना जसं पाहिलं असेल तसंच पाहिलं. बोलायला लागणारा श्वासही त्यांनी वाचवून ठेवला असावा.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांचं जेवण अर्ध्यावरच राहिलं. ती सरळ थर्मोस्टॅटपाशी गेली आणि तिनं यंत्रच बंद केलं. घरात एकदम शांतता पसरली. इतके दिवस ज्या आवाजाकडे तिनं कानाडोळा केला होता, तो गेल्यावर किती मोठा होता ते कळलं. तिनं बाबांची खिडकी उघडली. बाहेरची गरम हवा आत आली आणि तिला उगीचच बरं वाटलं.

मग तिला शिट्टी ऐकू आली, पॅसेजमधून. यंत्र बंद होतं आणि पट्टी भराभर फडफडत होती. जाळीपासून जेमतेम सुटायची की लगेच चिकटायची.

खोलीत बाबा उठून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठ काळेनिळे. तिनं औषधाचा पंप त्यांच्या तोंडाला लावला, दाबला, पुन्हा दाबला. काही फरक पडेना. तिनं रुग्णवाहिकेला फोन केला. निघतोय म्हणाले. बाबांनी तिचा दंड धरला आणि पॅसेजकडे बोट केलं.

"बंद केलंय बाबा. पूर्ण बंद केलंय."

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी ओठांचा चंबू केला आणि तळहात पुढे ढकलला. ही खूण ती लहानपणापासून ओळखत होती. तलावात एखादं पोर घाबरायचं, छाती फुटेस्तोवर हवा आत ओढून घ्यायचं आणि सोडायचंच विसरायचं. मग बाबा पाण्यात उतरून त्याचं कपाळ आपल्या तळहातावर घ्यायचे आणि हीच खूण करायचे. आत घ्यायची घाई सगळ्यांना असते, आधी बाहेर सोड.

"सोडा बाबा, बाहेर सोडा," ती म्हणाली. बाबांनी पुन्हा मान हलवली, आणि बोट पुन्हा पॅसेजकडेच गेलं.

ती धावत गेली. खिट्ट्या फिरवल्या, जाळी उघडली, फिल्टर उपसून बाजूला फेकला. आतल्या पोकळीला चंदेरी अस्तर होतं, हे तिनं अनेकदा पाहिलं होतं. आज ते भिंतींपासून सुटून फुगलं होतं, ताठ झालं होतं आणि थरथरत होतं. तिनं हात आत घातला. गार करणाऱ्या यंत्राचं ते तोंड, पण अस्तर गरम होतं, ओलं होतं आणि त्याला बाबांच्या छातीला लावायच्या मलमाचा वास येत होता. पलीकडून कशानं तरी तिच्या तळहातावर भार टाकला. गोल, लहान आणि जड. घाबरलेलं कपाळ टेकावं तसं.

तिनं किंचाळून हात काढून घेतला. पण तेवढ्यात जे कळायचं ते तिला कळलं होतं. ते काही घेत नव्हतं. त्याला सोडायला जागाच नव्हती. सगळ्या खोल्यांची तोंडं तिनं स्वतःच्या हातांनी बंद केली होती, आणि ते बिचारं आत घेतलेल्या वाटेनंच जेमतेम बाहेर सोडत होतं.

शिडी लावायलाही ती थांबली नाही. खुर्च्या ओढल्या, टेबलावर चढली, नखांनी चिकटपट्ट्या ओरबाडल्या. पुढची खोली, स्वयंपाकघर, बाथरूम. बाबांच्या दारावरची झडप पूर्ण उघडली. मग मागच्या खोल्या, जिथल्या झडपा ती या घरात आल्यापासून बंद होत्या. पहिली उघडली. दुसरीची खिट्टी गंजून घट्ट बसली होती. तिनं कापड कापायची मोठी कात्री आत घुसवून ती वाकवली, आणि झडप उघडली.

त्या जाळीतून एक श्वास बाहेर आला. केवढा तरी लांब. कोपऱ्यातल्या ताग्यांवर झाकलेलं कापड उडालं, जमिनीवरची धूळ दारापर्यंत सरकली आणि तरीही तो संपेना. यंत्र अजून बंदच होतं. टेबलावर उभी राहून ती चेहऱ्यावर ती कोमट हवा घेत राहिली. आणि घराच्या दुसऱ्या टोकाकडून, तितकाच लांब, तितकाच सावकाश, बाबांचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला.

६

रुग्णवाहिकेतल्या माणसांनी बाबांना तपासलं आणि कशाला बोलावलं अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं. बाबांनी त्यांना पाणी विचारलं, आणि त्यातला एक बाबांकडेच पोहायला शिकला होता असं निघालं, मग गप्पा रंगल्या. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मनसोक्त रडली.

दोन दिवसांनी एसीवाला आला. आला तेव्हा त्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. वीज बंद करून त्यानं यंत्राचं झाकण काढलं, पंखा बाहेर काढून ठेवला आणि पॅसेजमध्ये येऊन मोठ्या जाळीसमोर बसला. पट्टी अजून तिथेच होती. ती सुटली, तरंगली, चिकटली. एसीवाल्यानं बाहेर काढून ठेवलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, आणि मग तो जो गप्प बसला तो बसलाच. त्यानं हवा गार करणारी कॉइल धुतली, नळी साफ केली, सगळं जागच्या जागी बसवलं. निघताना दारात म्हणाला, झडपा सगळ्या उघड्या ठेवा मॅडम. त्याचा स्क्रूड्रायव्हर इथेच राहिला. तो न्यायला तो आलाच नाही, आणि पुढच्या सर्व्हिसला त्यानं भाचा पाठवला.

उन्हाळ्याच्या शेवटी बाबांनी डॉक्टरांच्या नळीत अशी फुंकर मारली की डॉक्टरांनी नळी बदलून पुन्हा फुंकायला लावलं. आकडा तोच आला. धाकटा फोनवर म्हणाला, ताई, मी उगाच घाई करत होतो गं, बाबांना तिथेच राहू दे.

आता फिल्टर एकाच बाजूनं मळतो. रोज सकाळी चहा झाला की बाबा स्वतः चालत पॅसेजमध्ये जातात, छोट्या स्टुलावर बसतात आणि तळहात जाळीवर ठेवून त्यांचा श्वासाचा व्यायाम करतात. हळू आवाजात बोलतातही. एकदा तिनं धीर करून विचारलं, बाबा, आत कोण आहे?

"मला काय माहीत," बाबा म्हणाले. "पोहायला आलेल्या पोराला मी कधी विचारलं नाही, तू कुणाचा म्हणून. घाबरलंय एवढं कळलं की पुरे."

अलीकडेच बाबा थोडे दिवस धाकट्याकडे राहायला गेले. या घराबाहेर त्यांचा श्वास चालेल ना, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता. संध्याकाळी फोन आला. बाबा जिना चढून गच्चीवर आले होते आणि त्यांना धापही लागली नव्हती. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "त्याचं कसं चाललंय?"

तिनं पॅसेजकडे पाहिलं. पट्टी भराभर फडफडत होती, त्या दुपारसारखीच. सगळ्या झडपा उघड्या होत्या. घरात फक्त बाबा नव्हते.

ती स्टुलावर जाऊन बसली. फोन जाळीपाशी धरला. बाबा पलीकडून सांगू लागले, सावकाश, आत घ्यायची घाई नको, आधी सोड. पट्टी हळूहळू संथ झाली. मागच्या खोलीतले पडदे हलले, मग पुढच्या खोलीतले. तिनं खिट्ट्या फिरवल्या, जाळी उघडली, फिल्टर बाजूला ठेवला आणि दुसरा हात आत नेला. चंदेरी अस्तराच्या पलीकडून ते गोल, लहान कपाळ तिच्या तळहातावर येऊन टेकलं. तिच्या अंगावर काटा आला, पण या वेळी तिनं हात काढून घेतला नाही.